पक्या आणि मास्टर

त्याला सगळे मास्टर म्हणत. शिकवण्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता, आणि शिकण्याशी तर शाळेत असतानाही फारसा आला नव्हता. हे नाव आलं मास्टर-कीवरून. झेरॉक्सचं दुकान आणि औषधांचं दुकान यांच्यामधल्या फटीत त्याचं कुलुपांचं दुकान होतं. फट म्हणजे फटच. गिऱ्हाईक अंगाने भरलेलं असलं तर ते आत यायचं आणि मास्टरला बाहेर यावं लागायचं. आत किल्ल्या कापायचं यंत्र, भिंतभर खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या, कानशींचा डबा, आणि सगळ्यावर पितळेचा बारीक चुरा. हा चुरा मास्टरच्या खिशातून निघे, भुवयांतून निघे, आणि बायकोचं म्हणणं असं की उशीतूनही निघे.

धंद्यात मास्टरचा एकच शब्द चालायचा. पक्कं. कुलूप बसवून झालं की तो दाराला खांद्याने एक धक्का द्यायचा, गिऱ्हाइकाकडे वळायचा आणि म्हणायचा, पक्कं. बस, एवढंच. लोक या एका शब्दावर घर सोडून महिना महिना परगावी जात. मास्टरला त्या शब्दाचा थोडा माज होता, आणि का नसावा? माणसाजवळ माज करण्यासारखं एक तरी काही असावं.

त्याच्या मुलीला घरीदारी खिट्टी म्हणत. जन्मली तेव्हा तिची मूठ इतकी घट्ट मिटलेली होती की नर्सलाही उघडेना. ही तर खिट्टी आहे, एकदा बसली की निघायची नाही, असं मास्टर कौतुकाने म्हणाला आणि ते चिकटलं. हजेरीपटावरचं नाव वेगळं होतं, ते फक्त हजेरीपुरतं. चौथीत आली तेव्हा खिट्टीच्या अंगात एकच गुण ठळक होता : ती वाऱ्यासारखी पळायची. शाळेच्या रिलेत शेवटचा टप्पा तिचा. आधीच्या तिघी कितीही मागे पडोत, खिट्टीच्या हातात दांडी आली की खेळाचे सर शिट्टी खाली ठेवून नुसते बघत राहायचे.

घरातलं तिसरं माणूस म्हणजे मास्टरची बायको. ती बेकरीत रात्रपाळीला होती. रात्रभर पाव भाजायची, जग उठायला लागलं की घरी यायची आणि अंगाला भट्टीचा वास तसाच ठेवून आडवी व्हायची. ती झोपली की बापलेक बूट हातात घेऊन बाहेर पडत, दार ओढून घेत, लॅच टक् करून बसे, आणि मग जिन्यात बसून दोघं बूट घालत. हे वर्षानुवर्षं असंच चाललं होतं आणि कुणाची काही तक्रार नव्हती.

मग एका सकाळी खिट्टी जिन्यात थांबली. "बाबा, दार लागलं ना? पक्कं?" मास्टर म्हणाला, "पक्कं." त्याला भारी कौतुक वाटलं. त्याने दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं की पोरगी धंदा चालवणार. दुसऱ्या दिवशी तिने जिन्यात एकदा विचारलं आणि खाली फाटकापाशी एकदा. त्यानंतर कोपऱ्यावरूनही. मग तिचं कोपऱ्यावरून परत येणं सुरू झालं. महिन्याभरात या सगळ्याचा एक विधीच झाला. मास्टरने दाराला खांदा लावायचा, वळायचं, खिट्टीच्या डोळ्यांत बघायचं आणि पक्कं म्हणायचं. म्हणताना हसायचं नाही. मध्येच जांभई आली तर पहिल्यापासून. जिन्यातून कुणी जाता जाता काय कसं काय म्हणालं तर पहिल्यापासून. मास्टरने आयुष्यात लावली नव्हती एवढी कुलपं तो आता रोज एकाच दाराला लावत होता, आणि तीही तोंडाने.

सुरुवातीला त्याला वाटलं, पोरगी नाटकं करते. पण नाटक करणारं मूल असं घामाघूम होत नाही. एकदा तो वैतागून ओरडला तेव्हा खिट्टी रडत म्हणाली, "मला माहितीये लागलंय. पण मला विचारावंच लागतं. नाही विचारलं आणि कुणी आत शिरलं तर? आई झोपलेली असते. मग ते माझ्यामुळे होईल." मास्टरने आपलं पक्कं म्हटलं.

आत आई कसली झोपतेय? दाराला रोज खांदे बसत होते, ती पलंगावर टक्क जागी होती. तिला झोप लागायची ती थेट बेकरीत, भट्टीसमोर उभ्या उभ्या.

खिट्टी रोज उशिरा शाळेत पोचू लागली. रिलेचा सराव शाळा भरण्याआधी असे, तो बुडू लागला. खेळाच्या सरांनी शेवटचा टप्पा दुसऱ्या मुलीला दिला. सर काही दुष्ट नव्हते, तू वेळेवर यायला लागलीस तर स्पर्धेआधी तुझा टप्पा तुला परत, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. खिट्टी घरी आली, पळायचे बूट पलंगाखाली अगदी आतवर सरकवले आणि त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. मास्टरने केर काढताना ते बूट पाहिले. तिने ओरडाआरडा केला असता तर त्याला बरं वाटलं असतं. पोरगी तिला जे सगळ्यात जास्त आवडतं ते गुपचूप सोडून देत होती, एका दारापायी, आणि दारं हाच तर त्याचा धंदा होता.

फुकटच्या सल्ल्यांना तोटा नव्हता. खालच्या मजल्यावर मास्टरची थोरली बहीण राहायची, म्हणजे खिट्टीची आत्या. आत्याचं प्रत्येक विषयावर मत तयार असे, विषय कळायच्या आधीच. लाडावून ठेवलीय, एक ठेवून द्या, सुतासारखी सरळ येईल, असं तिचं मत पडलं. हेच मत तिने मागे मास्टरच्या पाठदुखीवरही दिलं होतं. झेरॉक्सवाला म्हणाला, वयच असतं तसं. औषधवाल्याने ताकदीचं टॉनिक दिलं. ते पिऊन खिट्टी जास्त ताकदीने विचारायला लागली.

शेवटी मास्टरने आपलं डोकं चालवलं, आणि इथे खरी माती खाल्ली. त्याचा हिशोब सरळ होता. पोरीचा कुलपावर विश्वास नाही ना? मग चांगलं कुलूप लावू. त्याने आणखी एक लॅच बसवलं. एक दिवस बरा गेला, आणि मग खिट्टी दोन्ही लॅचबद्दल विचारू लागली. त्याने वर एक कडी ठोकली. आता तीन गोष्टींची चौकशी. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते असं. दाराचं लाकूड कमी आणि लोखंड जास्त दिसायला लागलं. पत्ता शोधत आलेला एक माणूस ते दार बघून बँक समजला आणि परत गेला. पण मास्टर हटला नाही. त्याने कोयंडा बसवला आणि बाहेरून पितळेचं एक दणदणीत कुलूप घातलं, दुकानातलं सगळ्यात भारी. त्या सकाळी खिट्टी एकदाच विचारून शाळेत गेली. मास्टर शीळ घालत दुकानात गेला.

बायको आत होती, हे तो साफ विसरला.

ती दुपारी उठली, बाहेर जायला निघाली आणि दार उघडेना. मास्टरला फोन लावला तर यंत्राच्या खरखरीत त्याला ऐकू येईना. मग ती खिडकीत उभी राहिली आणि हाका मारू लागली. हाक पोचली ती आत्याला, आणि आत्यामार्फत अर्ध्या इमारतीला. निरोप मिळताच मास्टर धावत आला तो किल्ली दुकानातच विसरून. कुलूपवाला स्वतःच्या दारासमोर किल्लीशिवाय उभा, आणि जिन्यात ही गर्दी. त्याने खिशातून तार काढली, कुलपात घातली, जरा इकडे, जरा तिकडे, आणि ते दुकानातलं सगळ्यात भारी कुलूप चट्कन उघडलं. लोकांनी वाहवा केली. मास्टरने वळून पाहिलं तर शाळेतून आलेली खिट्टी दप्तर पाठीवर घेऊन पायरीवर उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं. बाबांचं पक्कं कुलूप एका तारेने उघडतं.

बायको बाहेर आली. ती ओरडली नाही. "मला नवरा हवा होता," ती म्हणाली, "तिजोरी नको होती. उद्या आपण तिघं माणसाला दाखवायला जाणार आहोत. कुलपाला नाही." बेकरीतल्या एका बाईंच्या भाच्याला असंच काहीसं झालं होतं. तिथून तिने पत्ता आणला होता, आणि तो बरेच दिवस पर्समध्ये ठेवून ती नवऱ्याचं लोखंड संपायची वाट बघत होती.

ज्यांच्याकडे गेले त्या बाई मुलांच्या मनाचे आजार बघत. मास्टर त्यांना डॉक्टरीणबाई म्हणाला. त्या म्हणाल्या, मी डॉक्टर नाही. तेव्हापासून तो जास्तच आदराने डॉक्टरीणबाई म्हणू लागला. खोलीत एक बसका कोच होता, दोन खुर्च्या, खेळण्यांचं खोकं, आणि एक दार. हे दार लोटलं तरी बसत नसे. सगळे गप्प झाले की ते कुईं करून हळूहळू उघडायचं. मास्टरला एका नजरेत कळलं, वरची बिजागरी खचलीय, पाच मिनिटांचं काम. तो तसं म्हणालाही. बाई म्हणाल्या, राहू दे, आम्हाला सवय आहे. तेव्हापासून बाईंचं अर्धं बोलणं मास्टरच्या कानात जायचं आणि अर्धं बिजागरीत.

पहिल्या दिवशी नवरा-बायकोने एकमेकांची खानदानं काढली. तो म्हणाला, हिच्या बहिणीला घासलेली भांडी परत घासायची खोड आहे. ती म्हणाली, यांचे वडील गॅस बंद केला का ते बघायला अर्ध्या वाटेतून परत यायचे. बाईंनी दोघांना दमेपर्यंत बोलू दिलं. मग त्यांनी समजावलं. याला ओसीडी म्हणतात, जुनी माणसं मंत्रचळ म्हणायची. हा लाडाचा परिणाम नाही आणि माराने जाणार नाही. कुणी लावून दिलेला नाही. मनात एक धोक्याची घंटा असते, खिट्टीची अडकलीय, काही नसतानाही वाजते. आणि तुम्ही पक्कं म्हटलं की क्षणभर थांबते, म्हणून पुढच्या वेळी अजून जोरात वाजते.

मग त्या खिट्टीकडे वळल्या. जो तुला विचारायला लावतो ना, त्याला एक नाव देऊ या, म्हणजे आपल्याला त्याच्याशी नीट भांडता येईल. खिट्टीने थोडा विचार केला आणि म्हणाली, "पक्या."

आई जी हसायला लागली ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मास्टरही हसला. नाव ऐकलं की कोपऱ्यावर शर्टाची वरची बटणं सोडून उभा राहणारा, कामधंदा नसलेला एक इसम डोळ्यांसमोर यायचा, आणि खिट्टीच्या डोक्यात जे चाललं होतं ते नेमकं तसंच होतं. तिघं एकत्र हसून किती दिवस झाले होते हे कुणालाच आठवेना.

या नावाने एक घोळ मात्र झाला. काल पक्याने मला जिन्यात पुन्हा अडवलं, असं खिट्टी आईला सांगत होती ते आत्याने ऐकलं. आत्या दुसऱ्या दिवशी छत्री घेऊन जिन्यात बसली. विजेचं मीटर बघणारा माणूस वर येत होता. तिने त्याला दरडावून विचारलं, पक्या तूच का? त्या बिचाऱ्याला घरी खरंच पक्या म्हणत. तो खुश होऊन हो म्हणाला. पुढच्या महिन्यात मीटर बघायला दुसरा माणूस आला.

मग बाईंनी आत्यालाही बोलावून घेतलं. कारण खिट्टी शाळेतून येताना आत्याला विचारायची, वर दार लागलंय ना, आणि आत्या उत्तर द्यायची, सविस्तर. बाई म्हणाल्या, तुम्हालाही गप्प राहायला लागेल. आत्याने आयुष्यात ऐकलेला हा सगळ्यात कठीण सल्ला होता. पण खिट्टीवर तिचा मनापासून जीव होता. ती म्हणाली, तोंडाला कुलूप घालते.

तोडगा खिट्टीच्या संमतीने ठरला. आधी मास्टरने एकदाच पक्कं म्हणायचं, त्यानंतर कितीही विचारलं तरी नाही. काही आठवड्यांनी तेही बंद, आणि त्याऐवजी म्हणायचं, काय माहीत. पाठ फिरवायची नाही, रागवायचं नाही, तिच्याजवळ उभं राहायचं, पण उत्तर पक्याला द्यायचं नाही. पोरगी घाबरेल, घाबरू द्या, बाई म्हणाल्या. भीती चढते तशी उतरतेही, हे तिला स्वतःला कळायला हवं.

काय माहीत हे शब्द मास्टरला शिवीसारखे वाटले. एखादा डॉक्टर जगाल की नाही काय माहीत म्हणतो का? तरी त्याने दुकानात सराव केला. एका गिऱ्हाइकाने विचारलं, ही किल्ली बसेल ना, आणि मास्टरच्या तोंडून सवयीने गेलं, काय माहीत. गिऱ्हाईक किल्ली तिथेच ठेवून गेलं.

एकदाच पक्कं म्हणायचं हे जमलं. पुढची पायरी आली आणि मास्टर घसरला. त्या सकाळी खिट्टी जिन्यात उभी होती, ओठ पांढरे, कठडा धरलेली बोटं पांढरी. बाबा, पक्कं? मास्टर काय माहीत म्हणाला खरा, पण तिचा चेहरा बघवेना. त्याला खोकला आला. म्हणजे त्याने आणला. एकच, छोटासा, खाँ. खिट्टीने मान वर केली, तिचे खांदे सैल झाले, आणि ती तडक खाली पळाली. मास्टर स्वतःवर खुश. शब्द तर उच्चारला नव्हता. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा खोकला. तिसऱ्या दिवशी खिट्टीने खोकल्याची वाट पाहिली. आठवडा संपता संपता खोकला पुरेसा स्पष्ट न आल्यास त्याला पुन्हा खोकावं लागत होतं. शेजारच्या औषधवाल्याने काळजीने सिरप दिलं.

पुढच्या भेटीत बाईंनी विचारलं, कसं चाललंय. खिट्टी म्हणाली, छान चाललंय, मी आता लगेच निघते. बाबांना फक्त खोकला झालाय.

"कधी होतो खोकला?" बाईंनी विचारलं.

"दार लागलं की," खिट्टी म्हणाली.

बायकोने मान हळूहळू नवऱ्याकडे वळवली. दार कुईं करून उघडलं. मास्टर त्या बिजागरीकडे बघत राहिला, कारण दुसरीकडे कुठे बघायची सोय नव्हती.

बाई रागावल्या नाहीत. तिचा जीव घाबरा झालेला तुम्हाला बघवत नाही, हे मला कळतं, एवढंच म्हणाल्या. पण तो खोकला कुणाला बरं वाटावं म्हणून होता, याचा घरी जाऊन विचार करा. मास्टरने घरी जाऊन विचार केला. उत्तर त्याला आवडलं नाही.

आता एवढं झाल्यावर शहाण्या माणसाने कानाला खडा लावला असता. पण त्यानंतरच्या भेटीला ते लवकर पोचले. बाई यायच्या होत्या, खोली उघडी होती, खिट्टी आणि तिची आई खाली पाणी प्यायला थांबल्या होत्या, आणि मास्टर त्या दारासमोर एकटा. आठवडेच्या आठवडे त्याचे हात शिवशिवत होते. खिशात पेचकस होताच. त्याने विचार केला, खोकल्याची भरपाई होईल, बाईही खुश होतील. त्याने बिजागरी वर घेतली, स्क्रू आवळले, चौकटीची पट्टी सरळ केली आणि दार लोटलं. टक्. काय सुंदर बसलं. त्याने खांद्याने एक धक्का दिला. ढिम्म. त्याला कितीतरी दिवसांनी आपण कोण आहोत ते आठवलं.

बाई आल्या, खिट्टी आणि तिची आई आल्या. सगळे आत आले, दार मागे लागलं आणि लागलेलंच राहिलं. मास्टर कौतुकाची वाट बघत बसला. खिट्टीने दाराकडे पाहिलं. उठून ते ओढून पाहिलं. मग ती बापाकडे वळली आणि तिचे डोळे भरून आले होते.

"हे तू केलंस?" ती म्हणाली. ती बापाला कायम अहोजाहो करायची. "ते माझं दार होतं."

मास्टरला काही कळेना.

"मी त्याच्याकडे पाठ करून बसायला शिकत होते," खिट्टी म्हणाली. "आधी मला या खोलीत बसताच यायचं नाही. मग मी त्याच्याकडे बघत बसायचे. मागच्या वेळी मी पूर्ण वेळ पाठ करून बसले. ते उघडलं तेव्हाही बसले. तू बघितलंससुद्धा नाहीस. तू बिजागरीच बघत होतास."

मास्टरला भयंकर लाज वाटली. पोरगी त्याच्या डोळ्यांसमोर, त्याच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर, आठवडेच्या आठवडे एवढी लढाई लढत होती. आणि तो, तिचा बाप, त्याच वेळी पाच मिनिटांच्या कामाचा विचार करत होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, आणि दिवा कसला, नुसताच अंधार.

तो उठला. पेचकस काढला. त्याने आजवर हजारो दारं बसवली होती, पण चांगलं बसलेलं दार मुद्दाम बिघडवायची ही पहिलीच वेळ. हात चालेना. खिट्टी शेजारी येऊन उभी राहिली आणि डोळे पुसत सूचना देऊ लागली. "अजून सैल. एवढं नाही, पडेल. हां, आता बघा." तिने त्याला पुन्हा अहोजाहो केलेलं ऐकून मास्टरचा जीव भांड्यात पडला. दार हळूहळू कुईं करत उघडलं. बाहेरून कुणीतरी चपला घासत गेलं. खिट्टी जाऊन कोचावर बसली, दाराकडे पाठ करून.

मास्टरने आपली खुर्ची उचलली, फिरवली आणि तोही दाराकडे पाठ करून तिच्याशेजारी बसला. त्याच्या मानेवर मुंग्या चालल्यासारखं झालं. वळून बघावं, बघावं, एकदाच बघावं. त्याने खुर्चीचे हात घट्ट धरले.

"असं किती वेळ वाटतं?" त्याने हळूच विचारलं.

"खूप वेळ," खिट्टी म्हणाली. "मग कमी होतं. तुम्ही हलू नका."

त्या दिवशी घरी गेल्यावर दाराचं लोखंड उतरायला सुरुवात झाली. कुठलं कुलूप आधी काढायचं हे खिट्टी ठरवायची, आणि एक काढलं की पुढच्यासाठी काही दिवस जाऊ द्यायची. पितळेचं कुलूप सगळ्यात आधी गेलं, त्याची कुणालाच खंत नव्हती. सगळं सुतासारखं सरळ झालं असं कुणी समजू नये. मध्ये एक आठवडा पक्या असा काही परतला की खिट्टीला एक दिवस शाळाच गाठता आली नाही, आणि मास्टर जिन्यात डोकं धरून बसला. पण तो काय माहीत म्हणत राहिला. खोकला आला तरी गिळत राहिला. आत्या तर खिट्टीची पावलं जिन्यात वाजली की पदराचा बोळा तोंडाशी धरायची. आणि उशीर कमी कमी होत गेला. एका सकाळी मास्टर केर काढायला वाकला तर पलंगाखाली बूट नव्हते. ते खिट्टीच्या पायात होते, सरावाला गेले होते. मास्टरने पलंगाखालचा केर अगदी आतवरून काढला.

सरांनी शब्द पाळला. शेवटचा टप्पा खिट्टीला परत मिळाला, मात्र स्पर्धेच्या दिवशी शाळेची बस कुणासाठी थांबणार नव्हती.

त्या सकाळी आई बेकरीतून आली आणि पीठ लागलेल्या हातांनीच तिने खिट्टीचे गाल कुरवाळले. स्पर्धा बघायची तिला फार इच्छा होती. पण ती म्हणाली, मी झोपणार, मैदानात उभ्या उभ्या झोपले तर तुझी इज्जत जाईल. आणि ती खरंच पांघरूण घेऊन आडवी झाली. मास्टरला कळलं की ती दमली होती हे खरं, पण ती दारामागे झोपली नसती तर खिट्टीला आजची लढाई फुकटच मिळाली असती. म्हणून ती मुद्दाम मागे राहिली होती. एवढं धाडस त्याच्यात नव्हतं.

दोघं बूट हातात घेऊन बाहेर पडले. मास्टरने दार ओढलं. दोघांनी पायरीवर बसून बूट घातले. खिट्टी खाली निघाली आणि वळणावर थांबली. तिचा हात कठड्यावर होता. खालच्या मजल्यावर आत्याचं दार किलकिलं उघडं होतं, आणि फटीतून पदराचा बोळा दिसत होता.

"बाबा," खिट्टी म्हणाली. "पक्कं?"

मास्टरच्या घशात खोकला भरून आला होता. त्याने तो गिळला. तिच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाला, "काय माहीत."

खिट्टी उभी राहिली. तिच्या बुटाचं टोक पायरीवर टकटक आपटत होतं. तिचे डोळे दारावर, मग बापावर, मग पुन्हा दारावर. मास्टरला वाटलं, संपलं, आता परत येते. तो हलला नाही. मग तिने दारावरून नजर काढली आणि स्वतःशीच, पण चांगलं मोठ्याने म्हणाली, "पक्या, यायचं असेल तर ये. मी थांबणार नाही." आणि ती पळाली. तिची पावलं जिन्यात धडाधडा वाजत खाली गेली.

मास्टर वर एकटा राहिला. त्याने दाराकडे पाहिलं आणि त्याच्या लक्षात आलं की दार ओढताना त्याचं लक्ष खिट्टीकडे होतं. टक् आवाज आला होता का? आला असेल. त्याला आठवेना. आयुष्यात पहिल्यांदा मास्टरला एका दाराबद्दल खरोखरच काय माहीत म्हणावं लागत होतं. त्याचा खांदा आपोआप दाराकडे झुकला. एकच धक्का. कोण बघतंय?

"बाबा," खालून आवाज आला, "हात खिशात."

मास्टरने हात खिशात घातले. खिशात पितळेचा चुरा होता. तो चोळत चोळत तो खाली उतरला, आणि प्रत्येक पायरीला मानेवर मुंग्या चढत होत्या.

बस मिळाली. रिलेत शाळेचा दुसरा नंबर आला. पहिला आला असता, पण तिसऱ्या टप्प्यातल्या मुलीने दांडी पाडली आणि खिट्टीला तरी किती भरून काढता येणार? आत्याच्या मते परीक्षक विकले गेले होते.

दुपारी दोघं घरी आले. मास्टर दारापाशी पोचून किल्ली काढणार एवढ्यात दार आतून उघडलं. पावलांचा आवाज ऐकून आई उठून आली होती, केस विस्कटलेले, चेहऱ्यावर उशीची घडी. कितीतरी महिन्यांनी ती पोटभर झोपली होती. खिट्टीने तिच्या कमरेला मिठी मारली आणि शर्यतीचं सगळं एका दमात सांगायला सुरुवात केली. मास्टर चौकटीत उभा राहिला. सकाळी ते दार लागलं होतं की नव्हतं, हे आता एकच माणूस सांगू शकत होतं, आणि ते त्याच्यासमोर जांभई देत उभं होतं. नुसतं विचारायचा अवकाश. मास्टरने तोंड उघडलं.

खिट्टी बोलता बोलता थांबली आणि तिने बापाकडे पाहिलं.

मास्टरला खोकला आला. या वेळी खराच.